दसऱ्याचा पिवळा पट्टा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

या वहीत दोन वर्षं आठ महिने काही लिहिलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. माझे वडील, अण्णा, गेल्यानंतर लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं बरंचसं मला स्वतःलाच वाचवलं नसतं. सोमवारी माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला साधी म्हणतात. तरी आज हे लिहून ठेवते.

मी, स्नेहल झुंबर आहेर, वय ४६, अविवाहित, महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार गंगापूर रोड, नाशिक. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन स्थिर आहे असंही लिहायची पद्धत आहे. बुद्धी स्थिर आहे; मनाबद्दल खालची कलमं वाचून ठरवावं.

१. माझी राहती सदनिका आणि बँकेतली ठेव भाऊ दीपक याची मुलगी वेदिका हिला द्यावी. दीपकला काही देत नाही. अण्णांचे ब्रश त्याने रद्दीसोबत भंगारवाल्याला दिले. नंतर तो माफी मागायला आला तेव्हा मी "जाऊ दे" म्हणाले होते. जाऊ दिलेलं नाही, याची इथे नोंद करते.

२. शिलाई मशीन कालच धोंडाबाईंच्या घरी पोचवलं. त्या माझ्याकडे अकरा वर्षं स्वयंपाक करतात आणि या कागदावर साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून त्यांना द्यायचं ते आधीच दिलं.

हा नियम कळल्यावर मी पहिलं काय केलं, तेही सांगते. अण्णांकडे रंगकाम शिकलेल्या, सिन्नरच्या अमोल बोरस्तेला फोन करून साक्षीदार होशील का, असं विचारलं. तो लगेच हो म्हणाला. तो सही करेल आणि मग त्याला काही द्यायला नको, एवढाच माझा हेतू होता. परवा पुन्हा फोन करून नको म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही.

३. आता इंजिनाचं.

अण्णा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये रंगारी होते. निवृत्तीनंतर त्यांनी घाटात गाड्यांना मागून ढकलणाऱ्या विजेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृती आमच्याकडून करून घेतल्या. एक मी केली, एक अमोलने. अमोल कारखान्यात पत्र्याचं काम करतो. दर रविवारी सिन्नरहून एसटीने यायचा, अण्णांना अण्णाच म्हणायचा, आणि अण्णा त्याचा हात धरून त्याला ब्रश ओढायला शिकवायचे. माझा हात त्यांनी कधी धरला नाही. तुझी रेघ सरळच येते, म्हणायचे. मी ते कौतुक समजत होते.

रंग ज्याचा त्याने निवडायचा ठरला. मी १९८६ सालचा रंग घेतला आणि त्यासाठी अण्णांच्या जुन्या नोंदवहीतून छटा उतरवली: वर गडद तांबडा, खाली राखाडी, बाकी काही नाही. अमोलने त्याच सालचा आमच्या भिंतीवरचा इंजिनाचा फोटो बघून रंग दिला. फोटोत इंजिनाच्या नाकावर हातभर रुंद पिवळा पट्टा आहे. तो त्या इंजिनाचा रंग नव्हे. तो फोटो खंडेनवमीचा आहे. शेडमध्ये इंजिनांची पूजा असायची, आणि त्या वर्षी अण्णांनी हौसेने पाण्यात पिवडीची माती कालवून पट्टा मारला होता. महिनाभरात तो धुऊन गेला. मला हे माहीत आहे, कारण रेघ आखायच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी सात वर्षांची होते.

अमोलला मी सांगितलं नाही. चुकू दे, असं वाटलं.

अण्णांच्या शेवटच्या आजारात दोन्ही इंजिनं त्यांच्या पलंगावर ठेवली. माझं बघून ते म्हणाले, "बरोबर आहे." अमोलचं उचललं आणि हसायला लागले. "अगं, हा तर आपला दसऱ्याचा." मग दुपारभर ते इंजिन त्यांनी छातीवर धरून ठेवलं. ते हसले तेव्हा अमोल खाली चहा आणायला गेला होता. अण्णा काय म्हणाले, ते मी त्याला आजवर कळू दिलेलं नाही.

गेल्या रविवारी तो आला. "ताई, डिसेंबरात प्रदर्शनात ठेवतोय. अण्णांच्या नावानं. रंगात काही चूक असंल तर आत्ताच सांगा."

"पट्टा चुकीचा आहे," मी म्हणाले. "ती पूजेची सजावट होती."

त्याने पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "तीन वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू विचारलं नव्हतंस."

"बरोबर हाय. येत्या रविवारी खरवडतो मग. त्यांच्या नावानं चुकीचं नको."

मी खरं तेच बोलले, अशी दिवसभर स्वतःची समजूत घातली. पण पट्टा कोणी मारला होता हे मी गाळलं, आणि मुद्दाम गाळलं. ते कळलं असतं तर त्याने ते इंजिन आणखीच जपलं असतं. फोटो सोडला तर अण्णांच्या हातचं काम दाखवणारी ती एकच वस्तू उरली आहे, आणि ती माझ्याकडे नाही. माझं इंजिन नुसतं बरोबर आहे.

म्हणून: भिंतीवरचा फोटो अमोलला द्यावा आणि हे कलम त्याला वाचून दाखवावं. माझं इंजिन वेदिकाला. त्यावर कोणी पट्टा मारू नये. मला हवा असता तर मीच मारला असता. दोन्ही इंजिनं एका कपाटात ठेवू नयेत. हे मोठ्या मनाने लिहीत नाही, पण लिहिते आहे.

स्थळ : नाशिक

लिहून देणार : स्नेहल झुंबर आहेर

साक्षीदार :
१. धोंडाबाई पुंजा गांगुर्डे
२. सुनील सोमनाथ कातकाडे, खालच्या मजल्यावरचे शेजारी

सह्या झाल्यावर :

सुनीलराव सही करून, काही न विचारता गेले. धोंडाबाईंनी मात्र "काय लिहिलंय ते कळू द्या की" म्हटलं, म्हणून वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "हे तुमच्या माघारी वाचायचं ना?"

"हो."

"आन् त्यो खरवडणार परवा."

"हो."

"मंग ताई, तुम्ही जगल्या तरी पट्टा गेला, मेल्या तरी गेला. ह्या कागदाचा उपयोग काय?" आणि कणीक मळायला आत गेल्या.

उद्या : सकाळी अमोलला फोन. पट्टा खरवडू नकोस, तो मूळचा अण्णांच्या हातचा आहे.