उतरवलेली पेटी

वामेना, गुरुवार

आईस वेनिंगचा नमस्कार.

मी बरी आहे, रताळी पोटभर मिळतात. बाबांचा खोकला कमी झाला का?

डोंगरातल्या गावात महिनाभर चित्रण करून निघाले. विमान एवढंसं, माणसंसुद्धा काट्यावर तोलतात. ऐनवेळी कळा सुरू झालेली एक बाई आली. वैमानिक म्हणाला, "ताई, कॅमेऱ्यांची पेटी उतरवा, नाहीतर ही राहील." मीच उतरवली. गडबडीत चित्रणाची कार्डंही पेटीतच राहिली.

इथे पोचताच तिला मुलगी झाली. तिकडे मात्र पाच दिवस धुकं आहे, विमान जात नाही. साहेब फोनवर म्हणाले, "चित्रण नसेल तर कामावर परत येऊच नकोस." आई, आता रडूही येत नाही गं.

तूही पेटी उतरवली असतीस ना? एवढंच लिही.

तुझी,
वेनिंग