ट्राम थांबल्यावर सापडलेली चूक

लालबाग, मुंबई
फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप बाबांना शेवंतीचा नमस्कार. आईला सांगा, मी पोटभर जेवते.

पेपर वाचून तुम्ही ‘पुढच्या बोटीने निघून ये’ असे लिहिलेत. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात आमच्या चाळीतले कोणी बाहेर पडले नाही. गोळीबार लांब झाला. जिन्याजवळची काच तेवढी फुटली.

परळच्या कारखान्यात मी विजेचे घड्याळ जुळवते. त्यातला स्फटिक सेकंदाला हजारो वेळा थरथरतो; दर थरथरीला विजेचा एक ठोका. रेडिओत असतात तशा व्हॉल्व्हची एकेक जोडी ते ठोके निम्मे करत जाते आणि शेवटी सेकंदाला एकच उरतो. माझे घड्याळ मात्र रोज पुढे धावायचे. “शेवंतीबाई, तुमच्या घड्याळाला घरी जायची फार घाई दिसते,” आमचे सबनीससाहेब म्हणायचे. या महिन्यात जमले नसते तर मलाच घरी पाठवणार होते.

हरताळानंतर कारखाना उघडला, पण ट्राम अजून बंद होत्या. तेवढे दिवस घड्याळ अचूक चालले. ट्राम सुरू झाल्या आणि ते पुन्हा धावू लागले! ट्रामच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या त्यात जादा ठोके घालत होत्या. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापून व्हॉल्व्हभोवती बसवला, तसे ते जादा ठोके आत शिरेनात. काल साहेब म्हणाले, “बाई, तुम्हाला कायम करतो.”

आईचा गुडघा कसा आहे? कपिला व्याली का?

बाबा, भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण हे काम मला येते. मला न्यायला येऊ नका. घड्याळ बघायला या.

तुमची
शेवंती