मी काहीही दाबलेलं नाही

२ मार्च, सोमवार

मी काहीही दाबलेलं नाही! इथे लिहून ठेवते, कारण या घरात माझं म्हणणं ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही.

सकाळी फिरून आले आणि संगणक लावला. आतला पंखा असा घोंगावतोय की आता उडून खिडकीबाहेर जाईल. पडद्यावर ते गोल चक्र. फिरतंय, फिरतंय. मी भाजी निवडली, चिरली, फोडणीला टाकली, तरी फिरतंय. शेवटी उघडला एकदाचा, तर माझी सूची गायब! पाणी शुद्ध करण्यावरचं ते जाडजूड पाठ्यपुस्तक, त्याची शब्दसूची. ‘ग’पर्यंत आले होते. गाळ, गाळण, गाळणी... सगळं नाहीसं.

हे आले. चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, “तू काहीतरी दाबलंस.”

दाबलंस! छापखान्यात मुख्य मुद्रितशोधक होते मी. उभं आयुष्य इतरांच्या चुका पकडण्यात गेलं. पण हे बॉयलरच्या कारखान्यातले मोठे इंजिनिअर. हा संगणक आणला यांनी, जोडला यांनी, त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक यांनाच. मी आपली टंकणारी बाई. मशीन बिघडलं की चूक बाईची!

‘अ’पासून पुन्हा सुरुवात. छापील प्रुफांवर लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत म्हणून निभावलं.

३ मार्च, मंगळवार

आज पासवर्डच घेत नाही. माझ्याच मशीनला माझाच पासवर्ड चालत नाही!

हे बसले, शांतपणे दोन-चार प्रकार करून पाहिले आणि उघडून दिला. “विसरली असशील गं,” म्हणाले. किती गोड आवाजात. त्या गोडव्याचाच जास्त राग आला.

५ मार्च, गुरुवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. दारातच, “काय आजी, काय बिघडवलंत?”

मी म्हटलं, “आजी मी माझ्या नातवाची. तुमची गिऱ्हाईक आहे. आणि काय बिघडलंय ते सांगायला तुम्हाला बोलावलंय, मला नाही.”

मग कामाला लागला तो. जरा वेळाने म्हणाला, “बाई, यात तीन-तीन अँटीव्हायरस घातलेत. एका घरात तीन पहारेकरी, आणि तिघं एकमेकांनाच चोर समजून धरताहेत. मशीन चालणार कसं? कुणी घातले?”

आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं! दुरुस्तीवाल्याने आणि यांनी. हे वर म्हणतात, “हिला किती वेळा सांगितलं, काही चमकलं की ओके करू नकोस.”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी एवढं तरी शिकवलं होतं. राग आला की ओठ मिटायचे आणि पाठ ताठ करायची. पाठ अजून ताठ आहे.

दोन काढून टाकले, एक ठेवला. मशीन वाऱ्यासारखं चाललं. संध्याकाळपर्यंत ‘च’ संपवला.

७ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. यांनी आधीच तिच्याशी बोलून घेतलं होतं म्हणे, फाइल हरवली, पासवर्ड विसरली, नको ते घालून बसली. सगळं माझ्या खात्यावर.

इकडची तिकडची चौकशी झाली, मग हळूच, “आई, रागावू नकोस हं. एक तपासणी असते. स्मरणशक्तीची. काही नाही, नुसते प्रश्न विचारतात.”

“कोणते प्रश्न?”

“आज वार कोणता, वगैरे.”

“शनिवार. झाली तपासणी?”

“आई, प्लीज. आणि ते सूचीचं काम आता सोड ना. कशाला डोक्याला ताप?”

तर हे असं आहे. मशीन हळू झालं म्हणजे मी हळू झाले. आज काम सोडा, उद्या गॅसला हात लावू नका, परवा एकटीने रस्ता ओलांडू नका. मला ती पायरी न् पायरी दिसते आहे. पहिलीच पायरी उतरणार नाही!

मशीनचा दोष शोधून काढणार. पुराव्यासकट.

९ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. पंखा, चक्र, फाइल गायब. दुरुस्तीवाल्याने काढलेले दोन्ही पहारेकरी परत आले, आणि सोबत एक चौथा!

मी घातले नाहीत. यांना विचारलं, “अहो, तुम्ही हात लावलात का?”

“मी कशाला लावू? तुझं काम असतं त्यावर.” डोळ्यांत डोळे घालून म्हणाले. हे चुकतात, हट्ट करतात, ऐकत नाहीत, पण खोटं बोलत नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. कधीकधी बोलले असते तर बरं झालं असतं, इतके बोलत नाहीत.

मग उरलं कोण?

जावई! गेल्या खेपेला आले तेव्हा मशीनमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं, लांब बसून त्यांना इथलं दिसावं म्हणून. “आई, अडचण आली की मी तिथूनच बघीन.” बघताहेत वाटतं!

१० मार्च, मंगळवार

जावयाला बोलू नये. लग्नाच्या दिवसापासून बोलले नाही. आज बोलले.

“तुम्ही माझ्या मशीनमध्ये शिरता का?”

“आई, मी? नाही हो. ते तर केव्हाच बंद केलंय.”

“मग रोज सकाळी माझ्या फायली कोण उचलतं?”

पलीकडून अगदी जपून, लहान पोराशी बोलावं तसं, “आई, तुम्ही दमलात का?”

दमले नाही. तापले आहे! असं म्हणून फोन ठेवला.

११ मार्च, बुधवार

लेक फोनवर रडली. “उगाच कुणाचाही संशय घेणं, हेही त्याचंच लक्षण असतं, आई.”

म्हणजे आता रागावायचीही सोय उरली नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज डोकं थंड ठेवलं. सूची करणाऱ्या बाईने हरवलेली गोष्ट कशी शोधावी? सूचीवरूनच. आख्ख्या मशीनला एकच शब्द शोधायला सांगितला, ‘गाळणी’. दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये हा शब्द कशाला असेल!

बराच वेळ दळत बसलं बिचारं. आणि सापडलं.

एक कप्पा, नाव ‘सुरक्षित’. त्याच्या आत कप्पा, ‘सुरक्षित नवीन’. त्याच्या आत ‘सुरक्षित, हात लावू नये’. त्याच्याही आत पुन्हा ‘सुरक्षित’. एकात एक, एकात एक, आणि प्रत्येकात माझ्या फायली जिथल्या तिथे, नीट लावलेल्या. एक अक्षर हरवलेलं नाही.

मी पाहत राहिले. चोर अशी मांडणी करत नाही. जावईही नाही, त्यांचं स्वतःचं कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात.

हे कारखान्यात काय करायचे ते मला पाठ आहे. जेवताना तेच तर ऐकत आले. बॉयलर उघडायचा असला की आधी त्या खोलीतला माल बाहेर काढून सुरक्षित ठेवायचा. मग सफाई. मग पहारा. मग कुलूप, आणि दर दुरुस्तीनंतर कुलूप नवीन. जुन्या किल्लीवर कधी विसंबायचं नाही.

माल बाहेर. पहारा. नवीन कुलूप.

पण हात लावला नाही म्हणाले ना!

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. लॅच हळूच उघडलं.

हे संगणकासमोर. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कामावर बसावं तसे बसलेले. मला पाहून दचकले नाहीत, उलट खूश झाले.

“बरं झालं लवकर आलीस. अगं, तुझ्या मशीनला काही संरक्षणच नाही! आज म्हटलं बसून घालूनच द्यावं. तुझा माल आधी बाहेर काढून ठेवलाय, काळजी करू नकोस.”

मी म्हटलं, “काल घातलं होतंत.”

“काल?” हसले. “काल मी हात तरी लावला का? तूच म्हणायचीस ना, मशीन हळू चालतं, बघा जरा. रोज म्हणतो बघू, बघू, आणि राहूनच जातं. आज मुहूर्त लागला.”

रोज. रोजच पहिला दिवस.

मी चपला काढल्या. हात धुतले. पुन्हा धुतले.

१४ मार्च, शनिवार

काही लिहायचं नाही.

१५ मार्च, रविवार

लिहिते. न लिहून काय होणार आहे?

मी जिंकले. पुरावा हातात आहे, पडद्याचा फोटो काढून ठेवलाय, कप्प्यांसकट. लेकीला काय काय सुनवायचं ते आठवडाभर मनात घोळवत होते. “आज वार कोणता ते तुझ्या वडिलांना विचार!” हे तर अगदी ओठावर होतं.

फोन लावला. तिकडून ती म्हणाली, “हं, आई, बोल.” इकडे बाहेरच्या खोलीत हे शेजारच्या प्रोफेसरांना सांगत होते, “हिच्या मशीनचं जरा बघतो आहे. आजकाल तिच्या लक्षात राहत नाही हो. बिचारी फार करते. मी आहे म्हणून बरं.”

प्रोफेसर म्हणाले, “वा, जोडी असावी तर अशी!”

“आई? आहेस ना?”

“आहे,” मी म्हटलं. “नातवाचा खोकला कसा आहे?”

राग कुठे गेला नाही. इथेच आहे. पण आता कुणावर ठेवायचा ते कळत नाही. ज्या माणसाने आख्खे कारखाने सुरू ठेवले, त्याला प्रश्न विचारायला कोणी समोर बसवेल, आणि हे मान खाली घालून उत्तर आठवत बसतील... आणि लेक डोळे पुसत यांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेईल. तिची पद्धत मला ठाऊक आहे. प्रेमाने करेल. काढून घेईलच.

माझ्या हातातून काम काढून घ्यायला निघाले होते तेव्हा मी ऐकलं नाही. यांच्या वतीने का ऐकू?

१८ मार्च, बुधवार

नवी व्यवस्था. सूची मशीनवर ठेवतच नाही. पेनड्राइव्हवर करते आणि तो पर्समध्ये. सकाळी मी फिरायला जाते, हे दुरुस्ती करतात. दुपारी हे झोपले की मी पहारेकऱ्यांना घरी पाठवते, बाकीच्या फायली बाहेर काढते, कुलूप उघडते. पासवर्ड आता मलाही ओळखता येतात. सगळी जुन्या बॉयलरांची नावं! चहा पिताना विचारतात, “आता कसं चालतंय?”

“झकास.”

केवढं समाधान चेहऱ्यावर. आमच्या मशीनसारखी देखभाल जगात कुठल्या मशीनची होत नसेल.

पण हा इलाज नव्हे, एवढं मला कळतं. नुसतं झाकून ठेवायला मी काही अडाणी नाही. औषध असेल तर ते वेळेवर सुरू व्हायला हवं. यांना “चला, तुमची तपासणी करू” म्हटलं तर? घर डोक्यावर घेतील. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने घेतील.

२० मार्च, शुक्रवार

‘ज्ञ’ संपला. सूची पूर्ण. प्रकाशकाकडच्या बाई म्हणाल्या, “एकही चूक नाही!” मी म्हटलं, “सवय आहे.”

२२ मार्च, रविवार

लेक आणि जावई आले. चेहरे असे की घरात कोणी आजारी आहे. आहेच.

जावई मशीनपाशी बसले. पहारेकरी मोजले. कप्पे उघडले, एकात एक. लेक वाकून बघत होती. “हे... हे कुणी केलं?”

हे माझ्या मागे उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पडद्याकडे कोड्यात पडल्यासारखे बघत होते. काहीतरी ओळखीचं दिसत होतं त्यांना, आणि ते कुठलं ते सापडत नव्हतं.

“मी,” मी म्हटलं. “मीच केलं. दाबलं असेल काहीतरी.”

लेकीचे डोळे भरले. मी जावयाकडे वळले. “त्या दिवशी तुम्हाला बोलले, ते चुकलं.” ते कसेनुसे हसले, म्हणाले, “अहो आई, त्यात काय.” हा माणूस बरा आहे.

“काढ ती वेळ डॉक्टरांची,” मी लेकीला म्हटलं. “पण एकटी जाणार नाही. हे सोबत हवेत. आणि मला जे जे विचारतील ते यांनाही विचारायचं. नाहीतर मी तोंड उघडणार नाही. एकटी का म्हणून वेडी ठरू?”

“आई, काय हा हट्ट!”

“हट्टच.”

हे पुढे झाले. “अगं, जाऊ की दोघं. तिला धीर येत असेल तर माझी काय हरकत आहे?”

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना काल फोन करून खरं काय ते सांगितलं होतं. नाव माझं, तपासणी यांची. त्या “हं” म्हणाल्या, बाकी काही नाही. शहाणी बाई.

बाहेर बाकावर बसलो होतो. आतून हाक आली तेव्हा यांनी माझा हात घट्ट धरला. “घाबरू नकोस,” म्हणाले. “तुला नाही आठवलं तर मी हळूच सांगेन.”