प्रवेश रद्द करण्याचा अर्ज

७ सप्टेंबर, सोमवार
एम.ए.चा पहिला तास — इंग्रजी अध्यापन — आणि वर्गात सगळ्यात मोठी मीच! बारा वर्षं सहावीला इंग्रजी शिकवतेय, पण आज बाकावर बसताना गुडघे फळीला आपटले. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, तास तुम्ही घेणार का?" शिकायला आलेय म्हटल्यावर बिचारी लाजून चूर. मी तिच्याहून जास्त.

९ सप्टेंबर
तोंड उघडलं नाही.

१० सप्टेंबर
उघडलं — आणि माती खाल्ली. विभागप्रमुख बाईंनी उतारा वाचायला लावला. 'आयलंड'चा मी 'आयस्लंड' केला! ठणठणीत आवाजात! मागे खुसखुस. बाई शांतपणे म्हणाल्या, "दॅट लेटर इज सायलेंट." मग मीही सायलेंट.

घरी येईपर्यंत एकच डोक्यात — बारा वर्षं मुलांना असंच शिकवलं असेल मी. किती मुलं? आणखी किती शब्द?

१३ सप्टेंबर, रविवार
ह्यांना सांगितलं, सोडते. इस्त्री करता करता म्हणाले, "सोड की. पण मग वर्षभर हळहळत बसू नकोस." लेक मधेच — "मी गणितात आपटले तेव्हा तू मला शाळा सोडू दिलीस का गं, आई?"
कार्टी!

१६ सप्टेंबर
परवा सराव पाठ. वीस मिनिटं, सगळ्या वर्गासमोर, इंग्रजीतून. आरशासमोर करून पाहिला — दुसऱ्याच वाक्याला अडले. स्वतःच्याच तोंडाला घाबरले!

अर्ज लिहिला. 'घरगुती कारणास्तव प्रवेश रद्द करावा.' खोटं आहे. कारण भीती. पण भीतीसाठी रजासुद्धा मिळत नाही.

१७ सप्टेंबर
कार्यालयात नाव सांगितलं; अर्ज पर्समधून काढायच्या आतच कारकून म्हणाला, "ताई, तुमचा प्रवेश कालच रद्द झालाय. शाळेचं ना-हरकत पत्र जोडलेलं नाही."
मी स्वतः आणून दिलं होतं ते! तशीच तडक विभागप्रमुखांच्या खोलीत. दहा मिनिटं भांडले — इंग्रजीतून! काळ चुकले, क्रियापदं चुकली, थांबले नाही. बाईंनी फाइल मागवली. पत्र दुसऱ्याच कुणाच्या फॉर्मला टाचलेलं निघालं. "उद्या पहिला पाठ तुमचा," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "येस मॅम."

जिना उतरताना पर्समधला अर्ज हाताला लागला. मी तर रद्द करायलाच गेले होते ना?