सगळ्यांचा एकच पासवर्ड

मंगळवार, संध्याकाळ. भाटघर.

किळस आली आज. माणसांची, आणि त्यांच्या आपलेपणाचीसुद्धा.

भोरच्या आमच्या पतसंस्थेचे सगळे पासवर्ड जिथं जपून ठेवतो, तो पासवर्ड मॅनेजर मी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवला. एकट्यानं खपून. कशासाठी? शिंद्याला कामावरून काढलं तेव्हा तो सगळ्यांचे पासवर्ड डोक्यात घेऊन गेला, म्हणून. आता प्रत्येकानं आपला एक मुख्य पासवर्ड ठेवायचा आणि तो कुणाला सांगायचा नाही, एवढंच तर होतं.

तर आमच्या मॅनेजरांनी, कोंडेसाहेबांनी, आधी सर्व्हरची पूजा केली. हवा जायच्या जाळीवरच कुंकू! नारळ फोडून झाल्यावर म्हणाले, "सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवा. कोण रजेवर गेलं तर काम अडायला नको. आपण घरचीच माणसं, एकमेकांपासून काय लपवायचं?" वर टाळ्या. मी नको म्हणालो, तर म्हणे, "तुमी लई संशयी बुवा."

मी ब्रशनं जाळीतलं कुंकू काढत बसलो, हे पेढे खात बसले.

घरी पोचतोय तोच साहेबांचा फोन. "अहो, काय ठरला होता आपला पासवर्ड? ऑफिसच्या ग्रुपवर टाका की." मी नाही टाकला. वेल्ह्याच्या शाखेतून कुणीतरी टाकला. खाली धडाधड अंगठे.

नखातलं कुंकू अजून जात नाही. अंगठे कुणाकुणाचे ते बघत गेलो. शेवटचा शिंद्याचा. त्याला ग्रुपमधून काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.