बयाबाईची शपथ आणि बसलेली शेरडे

मुळशी पेटा, सत्याग्रहाची छावणी
वैशाख, शके १८४३

तीर्थरूप अप्पामामांच्या चरणी चिंतूचा साष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्याला तिळेल मानवले का? मामींचा दमा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम आहे (सदऱ्याची नाही, कारण पुढे येईलच).

येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह चालला आहे, हे आपण जाणताच. तुकडीत येणाऱ्याने हात उगारायचा नाही आणि वाईट शब्दही काढायचा नाही, अशी शपथ मी घालतो. तिचा मजकूरही माझाच. (तो पुण्यात पंख्याखाली बसून लिहिला होता.) बयाबाई धनगरीण रोज तुकडीत यायला बघे आणि मी रोज तिला परत पाठवी. तिचे चराईचे रान पाण्याखाली जाणार, म्हणजे तिचा हक्क माझ्याहून मोठा. पण बाई शेरडांना उठवते शिवीने, वळवते शिवीने आणि माया करते तीही शिवीनेच. शेवटी सोमवारी ती शपथेला उभी राहिली. "शेरडांस्नी बी न्हाई का द्यायची?" असे तिने विचारले. मी म्हटले, प्राणिमात्र त्यात आलेच. (तत्त्वात सूट कशी द्यावी?)

मंगळवारी ती शेरडे घेऊन निघाली, तर शेरडे नेमकी धरणाच्या कामाच्या रुळांवर बसली. खडीच्या ट्रॉल्या अडल्या. बयाबाई हात जोडून म्हणाली, "उठा गं बायांनो." असले बोलणे शेरडांनी जन्मात ऐकले नव्हते, ती आणखी पसरून बसली. मुकादमाने शिव्या घातल्या, पण त्यांत माया नव्हती. शेरडे रवंथ करीत राहिली. दोन उचलून बाजूला ठेवावीत, तो ती परत जागेवर. शेवटी मुकादम काकुळतीला आला. "आवो मावशी, द्या की एक शिवी! रोज तर देता!"

"न्हाई बाबा. शपथ घेतलीया."

फौजदार आले. एक शिवी दे नि घरी जा, नाहीतर पौडच्या कोठडीत चल, असा त्यांनी निवाडा केला. बयाबाईने शेरडांकडे पाहिले. ओठ हलले. मी मनात म्हणत होतो, दे बाई, दे. (शपथ मीच घातली होती!) तिने पदर खोचला. "चला, सायेब. पर माझ्या रानात पानी सोडनाऱ्याला मनात काय म्हनते, त्ये इचारू नगा."

मामा, वाणीच्या संयमावर मी आजवर पुष्कळ लेख छापून आणले. तो संयम डोळ्यांनी पाहिला तो त्या दिवशी. आमच्या भाषणांनी जे काम थांबले नाही, ते संध्याकाळपर्यंत बंद होते.

आपला आज्ञाधारक,
चिंतू

ता.क. भूक लागल्यावर शेरडे आपणच उठून छावणीत शिरली, माझा सदरा खाऊन तिथेच बसली. आता रानात जायला उठत नाहीत. बयाबाईने कोठडीतून निरोप धाडला आहे: "शपथ म्या घेतलीया, शेरडांनी न्हाई. ग्वाड बोलून त्यास्नी उपाशी मारू नगा." छावणीत बिनशपथेचा माणूस उरलेला नाही. आपण सारी नोकरी पौडच्या कचेरीत काढलीत. आपली अस्सल मावळी शिवी मी लहानपणी रोज खाल्ली आहे आणि तीत माया असते, हे शपथेवर सांगतो. तरी मिळेल त्या गाडीने या.

ता.क. दुसरा. मामींना सांगावे की अहिंसेवर व्याख्यान द्यायला चाललो. छावणीतही मी तेच सांगितले आहे. श्रोते बसलेलेच आहेत. आपण येऊन त्यांना उठवायचे, एवढेच.