कोबॉलबद्दल माझं मत

४ जून
आज मीटिंगमध्ये तोंड उघडलं आणि फसलो! साहेबांनी विचारलं, रक्तपेढीचा कोबॉल या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्राम ठेवायचा, की पायथन या नव्या भाषेत पुन्हा लिहायचा? मी पटकन म्हणालो, "सर, कोबॉल म्हणजे मढं आहे. उगाच खांद्यावर घेऊन फिरतोय आपण." सगळे हसले. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या ताई हसल्या नाहीत. इथं कोबॉल येतं ते फक्त त्यांना. तो प्रोग्राम गेला की त्यांची नोकरी गेली — हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी कोबॉलची एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही. 'मढं'ही माझं नाही. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं.

५ जून
साहेब म्हणाले, "एवढं ठाम मत आहे ना? मग महिनाअखेर लेखी दे. तुला कायम करायचं की नाही, तेही तेव्हाच बघू."
शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणतो, "सोपं आहे रे! साहेबांना हवं तेच लिही." पण साहेबांना काय हवंय?

६ जून
ताईंकडे गेलो. माफी मागायची होती; तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "मढं बघायला आलास? बस. आधी हात लाव, मग नावं ठेव."

११ जून
भाषा कसली, अर्जाचा नमुना आहे! प्रत्येक गोष्टीची आधी ओळख करून द्या, मग तिला कामाला लावा. पायथनमध्ये दोन ओळींत होतं ते इथं पानभर. माझं मत बरोबरच होतं.

१३ जून
दिवस वाया. पस्तीस दिवसांहून जुनी रक्ताची पिशवी बाद करायची — एवढीच अट. चाचणीत चार दिवसांची ताजी पिशवीसुद्धा बाद! अट पुन्हा पुन्हा वाचली, अक्षर न् अक्षर बरोबर. "ही भाषाच खुळी आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

ताईंनी पडद्याला पट्टी लावली. "ओळीत बहात्तराव्या अक्षरापुढचं ही भाषा वाचतच नाही, बाळा. तुझा पाच बाहेर राहिला."

म्हणजे पस्तीसचे तिनं तीन वाचले — आणि चकार शब्द काढला नाही!

फार राग आला. मग आठवलं — पायथनमध्ये ओळीआधी जागा सोडायला चुकलो की मी स्वतःला दोष देतो. पायथनला कधीच नाही.

२० जून
ताईंनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला भाग आज वाचला. प्रत्येक गोष्टीची ओळख आधीच करून दिलेली, त्यामुळे कुणाला न विचारता समजला! घरी आईला सांगितलं तर म्हणते, "घर कसं आहे ते नांदल्यावर कळतं. तू तर उंबऱ्यावरूनच नाक मुरडत होतास."

२७ जून
लिहून झालं. प्रोग्राम आहे तसा ठेवावा. कारणं फक्त स्वतः करून पाहिलेली. साहेब चिडले तर माझं काही खरं नाही.
ताईंना वाचून दाखवलं. "पायथन कुठे बरं पडतं तेही घाल," म्हणाल्या. "नाहीतर आता माझ्या बाजूनं आंधळा होशील." घातलं.

३० जून
प्रोग्राम राहिला. मी कायम! साहेबांनी पाठ थोपटली. "कोबॉलला दुसरा माणूस मिळेना, म्हणून ताईंना थांबवून ठेवलं होतं. आता तू तयार झालास. त्यांना सांगितलंय — उद्यापासून यायला नको."